एकदाच सांगणारं घर

॥ श्री येमाई प्रसन्न ॥
कवठे येमाई, ता. शिरूर
१० जानेवारी २०२५

चि. सुलक्षणा हिस आबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. पुण्याच्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात असं सांगितलं. ऑपरेशन टळलं, पण होळी होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटात निवेदक म्हणून उभं आयुष्य माईक धरणाऱ्या माणसाला ही शिक्षा! मोबाईलवर लिहायला गेलो तर माझ्या एका अंगठ्याखाली तीन अक्षरं दबतात, म्हणून सरळ कागद घेतला.

यंदाच्या यात्रांचा माईक पोपटरावाकडे गेला. गाडा सुटायच्या आधीच तो भिर्रर्र करून मोकळा होतो आणि लोक टाळ्या पिटतात. मला बघवत नाही, ऐकवत तर त्याहून नाही. शेती मी पोटासाठी करतो, पण माईक जिवासाठी धरला होता.

तुझी आई मात्र खुशीत आहे. लग्न झाल्यापासून पैल्यांदा हे माझं पुरतं ऐकून घेत्यात, असं ती शेजारच्या दगडाबाईला सांगत होती, तेही मी समोर बसलेलो असताना. मला उत्तर देता येईना. दोघी पोट धरून हसल्या.

परवा आईशी फोनवर बोललीस तेव्हा तुझा आवाज पडलेला वाटला, असं ती म्हणते. मी नुसता बघत बसलो होतो. कंपनीत काही झालं का? मला सगळं लिही. सध्या माझ्याकडे वाचायला वेळच वेळ आहे.

लोभ आहेच. तूर्त तो बिनआवाजाचा आहे, एवढंच.
तुझा आबा,
सर्जेराव

दौंड
१७ जानेवारी २०२५

ती. आबांस सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि खोलीतल्या मुलींनी हातातून ओढून घेतलं. त्यांच्या घरून फक्त गुड मॉर्निंगचे गुलाब येतात. तुमचं अक्षर तुमच्या आवाजासारखंच आहे, ओळ सोडून धावणारं. घशाची काळजी घ्या आणि पोपटरावांचं मनाला लावून घेऊ नका.

आईला बरोबर कळलं. आमच्या कुरकुंभच्या कंपनीत औषधाची पावडर वाळवताना ओल राहायची आणि माल परत यायचा, हे मी तुम्हाला दिवाळीत सांगितलं होतं. त्याचं कारण मी शोधलं. वाळवणीच्या यंत्रात वारा एकाच बाजूनं फिरत होता. तो बदलला आणि माल सुधारला. हे परदेशातल्या गिऱ्हाईक कंपनीला सांगायला व्हिडिओवर मीटिंग झाली. मी बोलायला लागले आणि समोरच्या बाई सॉरी म्हणाल्या. इंग्रजीत म्हणजे कळलं नाही, परत सांगा. मी पुढचं वाक्य दुप्पट वेगानं म्हटलं. त्या पुन्हा सॉरी म्हणाल्या. शेवटी शेजारी बसलेल्या हृतिकनं माझंच वाक्य सावकाश म्हणून दाखवलं आणि त्यांनी मान डोलावली.

हृतिक चांगला मुलगा आहे, माझा चेहरा पडलेला बघून त्यानं चहा आणून दिला. पण मार्चमध्ये ते लोक स्वतः प्लांट बघायला येणार आहेत आणि आमचे विश्वजीत साहेब म्हणाले की काम तुझं आहे, पण सांगेल हृतिक. आबा, माझं काम मी का सांगू नये? मला ते मीच सांगायचं आहे. मी साहेबांकडून एक सराव मागून घेतला आहे. फेब्रुवारीअखेर त्यांच्यासमोर बोलून दाखवायचं, जमलं तर मी, नाहीतर हृतिक.

इथे रेल्वे कॉलनीजवळ सुषमा मॅडम राहतात. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. सोमवारपासून त्यांच्याकडे उच्चार सुधारायला जाते आहे.

आईला नमस्कार. तुमचा लोभ आहे म्हणूनच एवढं मोकळं लिहिलं, तो असाच असू द्या.
तुमची,
सुलक्षणा

कवठे येमाई
२४ जानेवारी २०२५

चि. सुलक्षणा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझं डोकं तापलं. बोलता येत नाही म्हणून गोठ्यात जाऊन घमेलं आपटलं, तर गाय बुजली आणि तुझी आई मलाच ओरडली.

उच्चार सुधारायला म्हणजे काय? आपल्या जिभेला काय धाड भरली आहे? या जिभेवर चार तालुक्यांच्या यात्रा पार पडल्या. एकेका गाड्याची बारी सुटल्यापासून तो घाट चढून वर पोचेपर्यंत मालकाचं नाव, गाव, बैलांची नावं, सेकंद, सगळं एका दमात सांगायचं आणि एकदाच सांगायचं. सर्जेरावाला कुणी परत सांगा म्हणालं नाही आणि म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ज्या निवेदकाला परत सांगावं लागलं तो संपला. तू त्या घरातली आहेस. दणक्यात बोल. ज्यांना ऐकायचं ते कान उघडे ठेवतील.

आणि त्या मॅडमनी तुला गोऱ्यांच्या बायकांसारखं नाकात बोलायला लावलं, तर मी घसा गेला तरी चालेल, दौंडला येऊन बोलेन.

रागात लिहिलं असलं तरी लोभ जागच्या जागी आहे.
आबा

दौंड
३ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं. राग मानू नका, त्याच म्हणाल्या की वाच. त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, आबांना सांग, तुझी बोली मी काढून घेणार नाही. कवठ्याची पोरगी कवठ्याचीच वाटली पाहिजे. फक्त शब्द समोरच्याच्या हातात पडला पाहिजे, वाटेत सांडायला नको.

आबा, इथे मला कितीतरी नवीन कळतंय. आपण मराठीत सगळी अक्षरं सारख्या वजनानं बोलतो. इंग्रजीत एका शब्दात एकाच ठिकाणी जोर आणि बाकीचं हलकं. डेव्हलप म्हणताना मी पहिल्या अक्षरावर जोर द्यायची, तो मधल्यावर हवा. जोर चुकीच्या जागी पडला की त्यांना तो शब्दच वेगळा वाटतो. पाण्याचा वॉटर म्हणताना ओठांचा चंबू करायचा, गरम चहावर फुंकर घालतो तसा. व्हॉल्व्ह म्हणताना मात्र वरचे दात खालच्या ओठाला लावायचे. आणि शेवटचं अक्षर गिळायचं नाही. मी सकाळी आरशासमोर वॉटर, व्हॉल्व्ह करत बसते. खोलीतल्या मुली मला आता व्हॉल्व्हबाई म्हणतात.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. मॅडमनी मला मुद्दाम मधेच सॉरी म्हणून अडवलं. मी लाल झाले आणि सुसाट सुटले. त्यांनी पुन्हा अडवलं, मी पुन्हा तेच केलं. मग त्यांनी विचारलं, परत सांग म्हटलं की तुला अपमान का वाटतो? तो माणूस तुझं ऐकायचं सोडून देऊ शकला असता. त्याला ऐकायचं आहे म्हणून तो विचारतोय.

खोलीवर येऊन तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि समजलं की हे मी तुमच्याकडूनच आणलं आहे. तुमचा अभिमान मला टाकायचा नाही आबा. पण हा एवढा तुकडा मला जड होतोय.

रागावलात तरी पत्र लिहा. तुमचा लोभ नुसता गप्प बसला तर मला करमणार नाही.
सुलक्षणा

कवठे येमाई
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सुलक्षणा हिस अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. खरं सांगायचं तर रुसलो होतो. आई म्हणाली, पोरगी वाट बघत आसंल, लिवा आता. पण लिहायला काही सुचत नव्हतं.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे पुण्याच्या दवाखान्यात आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे मला धाडलं. त्यांनी काय सांगितलं असेल? श्वास पोटातून घ्यायचा, जबडा सोडायचा, वाक्य संपलं की थांबायचं. मला वाटलं तुझ्या मॅडमची बहीणच बसली आहे. आता सकाळी ओसरीवर मी आवाज न काढता तोंड उघडतो आणि मिटतो. सत्यजीत कामाला लागायच्या आधी आपल्या बापाची ही गंमत बघून जातो. वडील म्हणून माझी काही पत राहिली नाही.

दुसरी गोष्ट जास्त लागली. शेजारच्या गावच्या यात्रेला गेलो. माईक नाही म्हणून पहिल्यांदा खाली घाटाच्या पायथ्याशी, लोकांत बसलो. पोपटराव वर बोलत होता. सुली, खाली काही म्हणजे काही कळत नव्हतं. नुसता गलका. पाबळचे हौसराव माझ्या शेजारी होते. त्यांचाच गाडा पळाला आणि किती सेकंद लागले ते त्यांनाच ऐकू आलं नाही. ते मला विचारायला लागले, किती सांगितलं वं आबा? मला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी बोलता येत नव्हतं. आजूबाजूला कुणालाच सांगता आलं नाही. वर जाऊन विचारावं तर माणूस संकोचला. वर्षभर बैल पोसलेला माणूस आपला आकडा न ऐकता घरी गेला.

पोपटराव वाईट बोलत नव्हता. मी बोलतो तसंच बोलत होता. वर माईकपाशी ते फार छान वाटतं.

म्हणून लिहितो. कुणी परत सांग म्हणालं तर सांग. दहा वेळा सांग. बापाची परवानगी आहे. त्या सरावात मागे हटू नकोस.

आमचा लोभ आता सावकाश बोलायला शिकतो आहे, सांभाळून घे.
आबा

दौंड
१२ मार्च २०२५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

आबा, मी बोलले!

सराव धड झाला नव्हता. दोनदा अडखळले. विश्वजीत साहेब म्हणाले, अडखळलीस, पण मला सगळं कळलं, आधी कळत नव्हतं. तूच बोल. मी त्यांच्या केबिनमधून बाहेर आले ते जिन्यात बसूनच राहिले.

काल पाहुणे आले. त्यात व्हिडिओवरच्या त्या बाई होत्या. मी बोलायला उभी राहिले. हृतिक पडद्यावरची चित्रं पुढे सरकवत होता आणि त्यानं मला हळूच अंगठा दाखवला. सुरुवात बरी झाली. वाऱ्याच्या दिशेवर आले आणि त्या बाई सॉरी म्हणाल्या.

तोच शब्द, तेच तोंड. माझे कान तापले. सुसाट सुटायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण हौसराव आठवले, त्यांचा आकडा आठवला. मी थांबले, श्वास घेतला, त्यांच्याकडे बघून तेच वाक्य परत म्हटलं. त्यांना अजूनही एक शब्द कळला नाही. मी तो तिसऱ्यांदा म्हटला, जोर मधल्या अक्षरावर टाकून. त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला. अवघड होता, पावसाळ्यात हवेतच ओल असते तेव्हा काय करणार? आबा, ऐकू आल्याशिवाय कुणी असा प्रश्न विचारत नाही. मग त्यांनी विचारत जायचं आणि मी सांगत जायचं, जेवणाची वेळ टळून गेली तरी आम्ही बोलत होतो. माझ्या कवठ्याच्या इंग्रजीत.

जाताना त्यांनी साहेबांना सांगितलं की पुढच्या वेळी आम्ही थेट हिच्याशीच बोलू. मला त्या क्षणी तुमची इतकी आठवण झाली की डोळे भरून आले. मला माझा फार अभिमान वाटतोय, आणि हे मी तुम्हालाच सांगू शकते.

होळीच्या पोळीचा माझा वाटा सत्यजीतला देऊ नका. लोभ वाढवाल तेवढा कमीच पडेल.
सुलक्षणा

दौंड
२२ मार्च २०२५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

परवा तुमचा फोन आला. तुम्हाला बोलायची परवानगी दिवसाला जेमतेम दहा मिनिटांची, म्हणून माझ्या वाट्याचं बोलणं आज कागदावर उतरवते आहे.

पडद्यावर आबा असं नाव दिसलं तेव्हा आईच बोलणार असं वाटलं होतं. तुमचा आवाज ओळखूच आला नाही. खाली उतरलेला, जाडसर, कुणा दुसऱ्याच म्हाताऱ्याचा. आईनं नंतर सांगितलं की सकाळपासून तुम्ही कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. सत्यजीतनं हाक मारली तरी हातानंच गप्प केलंत, सगळी मिनिटं मला ठेवली.

तुम्ही म्हणालात, सुलक्षणा, नाव काढलंस.

आबा, मला ते पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. स्वच्छ, शेवटच्या अक्षरापर्यंत. तरी मी म्हटलं, नीट ऐकू आलं नाही, परत सांगा. तुम्ही थांबलात, श्वास घेतल्याचं मला इकडे कळलं, आणि तुम्ही परत सांगितलंत.

तुमचीच,
सुलक्षणा