दोन बदकांचा स्वेटर

१ डिसेंबर २०२५, सोमवार
थंडी पडली. आजपासून पळणार. म्हणजे उद्यापासून, आज ऑफिसात मीटिंग आहे.

कारण लिहून ठेवतो. डॉक्टरांनी सुलेखाची शुगर काठावर आलीय म्हणून सांगितलं. रोज सकाळी तासभर चाला, म्हणाले. सुलेखा मला म्हणाली, अंधारात एकटीला नको वाटतं, तुम्ही सोबत चला, मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत जाऊन येऊ. मी तिला समजावलं की चालणं हे पेशंटचं काम, मी पळणार. मी पळत पुढं जाईन, वळून तुझ्यापर्यंत येईन, पुन्हा पुढं जाईन. सोबतही झाली आणि व्यायामही. ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती. कौतुकानं असावं.

२ डिसेंबर, मंगळवार, पहाटे
उठलो. बाल्कनीचं दार उघडलं. लावलं.

असल्या हवेत कॉटनच्या टी-शर्टवर बाहेर पडणं म्हणजे न्यूमोनियाला चहाला बोलावणं. पळणं हा आधी कपड्यांचा विषय आहे, पायांचा नंतर. सुलेखा एकटी गेली.

५ डिसेंबर, शुक्रवार
नॉर्वेच्या एका धावपटूचे सगळे व्हिडिओ पाहिले. बर्फात पळतो, दाढीवर बर्फ साचलेलं असतं. त्याचं म्हणणं, थंडीत तीन थर पाहिजेत. अंगालगतचा घाम ओढणारा, मधला ऊब धरणारा, वरचा वारं अडवणारा. शिवाय कान, बोटं आणि मान वेगळी झाकायची.

सुलेखाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, त्याच्याकडं बर्फ पडतं, आपल्याकडं सकाळी दहाला लोक उसाच्या रसाला उभे असतात. तिचं बी.एस्सी. झालंय, पण जुन्या अभ्यासक्रमाचं.

७ डिसेंबर, रविवार
औरंगपुऱ्यात थर्मल घ्यायला गेलो. दुकानदारानं विचारलं, “साहब, कश्मीर जारे क्या?” म्हटलं, नाही, मुकुंदवाडीतच पळणार आहे. त्यानं आतून भावाला बोलावलं आणि माझ्याकडं बोट दाखवलं. या शहरात खेळाडूला मान नाही.

थर्मल घेतलं. जाड घेतलं. तयारीत कंजूषपणा नको.

१० डिसेंबर, बुधवार
जिन्यात तात्यासाहेब भेटले. तळमजल्यावर राहतात, सत्तरी ओलांडलीय, आणि ऐन थंडीत बनियन-हाफ पँटवर पळून येतात. अंगातून वाफा निघत होत्या. मी त्यांना थरांचं शास्त्र सांगितलं. ते म्हणाले, “इंद्रजीतराव, थोडं गार वाटलं पायजे सुरुवातीला. मग पळायला लागलं की होतं गरम.” असे गैरसमज मुळापासून काढायला पाहिजेत.

म्हणून मी तिथंच जाहीर केलं की ११ जानेवारीला दौलताबादला किल्ल्याखाली दहा किलोमीटरची हिवाळी दौड आहे, तीत मी तुमच्या पुढं येणार. नाही आलो तर मिशी काढीन. दुर्दैवानं त्या वेळी त्यांची सून करुणा दारात उभी होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं. एका अर्थी बरंच झालं, बांधिलकी वाढते.

१५ डिसेंबर, सोमवार
ऑनलाइन मागवलेलं आलं. वारं अडवणारं जाकीट तेवढं एकच. हातमोजे सुटे मिळत नव्हते, कॉम्बोतच होते. कानपट्ट्याही कॉम्बोत. मानेवर चढवायच्या नळ्या, लोकरी पायमोजे, सगळं डझनावारी. संस्कृतीनं विचारलं, पप्पा, तुम्हाला कान किती आहेत? कॉलेजात पाठवून हे शिकलं लेकरू.

संध्याकाळी चाचणी घेतली. सगळे थर घालून फ्रिजचं दार उघडून समोर उभा राहिलो. अजिबात थंडी वाजली नाही. शंभर टक्के यश. सुलेखा म्हणाली, दूध नासेल.

१६ डिसेंबर, मंगळवार, पहाटे
पळायला निघणार होतो. पण सगळं घालेपर्यंत ऊन आलं. सुलेखा तोवर चालून परत आली होती. वेगानं कपडे घालण्याचा सराव करावा लागेल.

२४ डिसेंबर, बुधवार
मोठा शोध. चौथा थर असतो! टाकाऊ थर. दौड सुरू होण्याआधी थंडीत ताटकळावं लागतं, तेव्हा एखादा जुना कपडा घालायचा आणि शिट्टी वाजली की काढून कडेला फेकून द्यायचा. आयोजक ते कपडे गोळा करून गरजूंना वाटतात. म्हणजे आरोग्य आणि पुण्य एकदम.

कपाट उपसलं. एकच लायक वस्तू सापडली. तो शेवाळी स्वेटर. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत सुलेखानं विणलेला. छातीवर दोन बदकं आहेत, एक मोठं, एक छोटं, कारण दुसऱ्याच्या वेळी पांढरी लोकर संपली होती. एकदाच घातला, टोचतो. सुलेखाला विचारावं असं मनात आलं. पण ती कामात होती. म्हणजे मी विचारायला गेलो असतो तर कामात असती.

४ जानेवारी २०२६, रविवार
अजून प्रत्यक्ष पळालेलो नाही. ऊर्जा साठवतोय.

सुलेखा आज घाबरून परत आली. स्टेशनच्या रस्त्यावर कुत्री मागं लागली. चहा घेताना म्हणाली, “एक दिवस तरी चला ना माझ्यासोबत.” मी म्हणालो, दौड होऊन जाऊ दे, मग रोज. ती म्हणाली, उद्यापासून करुणाला घेऊन जाते. सुटलो.

१० जानेवारी, शनिवार, रात्री
उद्याचे कपडे पलंगावर मांडले. पलंग भरला. सोफ्यावर झोपतोय.

११ जानेवारी, रविवार, दुपारी
जे झालं ते तटस्थपणे लिहितो.

किल्ल्याखाली गार होतं. टाकाऊ थराचा निर्णय अचूक ठरला. बाकीचे कुडकुडत होते, मी बदकांत उबदार. तात्यासाहेब बनियनवर उड्या मारत होते. शिट्टी वाजली, मी स्वेटर काढून झोकात कडेला भिरकावला आणि निघालो.

पहिलं वळण येईपर्यंत छान चाललं होतं. वळणावर सूर्य वर आला. तीन थरांच्या आत जे काय होतं त्याला मी शिजणं म्हणेन. घाम ओढणाऱ्या थरानं घाम ओढला, ऊब धरणाऱ्यानं तो धरला, वारं अडवणाऱ्यानं वारं अडवलं. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं, त्यात माझी चूक नाही. कानपट्टी काढली, हातमोजे काढले, जाकीट काढलं. एवढ्या महागाचं फेकवेना, काखेत गाठोडं घेऊन पळत होतो. एका बाईनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, चादरी कशा दिल्या.

शेवटी पेरूवाल्या आजीच्या पाटीशेजारी सावलीत बसलो. तिनं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर वर बघितलं, तर तिच्या छातीवर दोन बदकं. एक मोठं, एक छोटं.

आयोजकांचा टेम्पो कपडे वाटत माझ्या पुढं निघून गेला होता. टेम्पोसुद्धा.

मी म्हणालो, आजी, हा स्वेटर माझा आहे, परत द्या. हे जाकीट घ्या बदल्यात, नवं आहे. तिनं जाकीट चाचपून बघितलं. म्हणाली, “नाय बाबा. ते कागदावानी वाजतंय. हे कुणीतरी जीव लावून इनलंय.” मी समजूत घालत होतो तेवढ्यात स्कूटी थांबली. सुलेखा आणि संस्कृती. मला टाळ्या वाजवायला आल्या होत्या, वाटेत पेरू घ्यायला थांबल्या.

सुलेखानं आधी पेरू बघितले, मग मला बघितलं, मग बदकं. विचारलं, आजी, कुठून मिळाला हो? आजी म्हणाली, “टाकला व्हता कुणीतरी. एवढी ऊब हाय, अन् टाकला बघा.”

सुलेखानं तिच्या गळ्याशी निघालेला धागा नीट आत खोचला. म्हणाली, “राहू द्या तुम्हालाच. शोभतोय.” पेरू घेतले आणि स्कूटीला किक मारली.

मी रिक्षानं आलो. तात्यासाहेब पदक घालून जिन्यात उभे होते. काही बोलले नाहीत. करुणा बोलली.

१३ जानेवारी, मंगळवार
मिशी काढली. शब्द म्हणजे शब्द.

सुलेखा परवापासून बोलत नाही. ताट वाढते, पण बोलत नाही. घाबरायचं कारण नाही, उद्या संक्रांत. तिळगूळ हातावर ठेवला की माणसाला गोड बोलावंच लागतं. एवढ्यासाठीच आपल्या पूर्वजांनी हा सण काढला असणार.

१४ जानेवारी, बुधवार
अंदाज बरोबर निघाला. सकाळी तिळगूळ दिला आणि बोलली. “संध्याकाळी बायका येणार आहेत हळदी-कुंकवाला. तुम्ही जरा आत बसा.” आवाज गोड होता. फार गोड होता, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

आत बसलो. बाहेर बायका फार हसत होत्या. दरवर्षी आमच्याकडं वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नाहीतर चहाची गाळणी लुटतात. इतक्या खूश होऊन कुणी गाळणी नेत नाही. दार किलकिलं करून बघितलं.

सुलेखा प्रत्येकीला हळद-कुंकू लावत होती, आणि ओटीत एक जोड हातमोजे, एक कानपट्टी, एक मानेची नळी घालत होती. करुणाला जाकीट मिळालं.

सगळ्या गेल्यावर मी विचारलं, हे काय केलंस? ती ताटातली सांडलेली हळद पुसत म्हणाली, “टाकाऊ थर. तुम्ही माझा टाकलात, मी तुमचे वाटले. पुण्यच आहे ना?” आणि वर एक तिळाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाली, “तो स्वेटर टोचतो हे मला माहीत होतं हो. सांगितलं असतंत तर अस्तर लावून दिलं असतं.”

लाडू खाल्ला.

१५ जानेवारी, गुरुवार, पहाटे
आवाजानं जाग आली. बाल्कनीत गेलो. खाली बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका, माझे हातमोजे, माझ्या कानपट्ट्या, करुणाच्या अंगात माझं जाकीट. सर्वांत पुढं सुलेखा, साध्या शालीत. बोलत, हसत स्टेशनच्या रस्त्याला लागल्या. रस्त्यावरची कुत्री बाजूला झाली. वर कुणीच बघितलं नाही.

चला म्हणून हाक मारली असती तर गेलो असतो. कपडे नव्हते, पण गेलो असतो.

दुधवाला म्हणतो, साहेब, थंडी गेली यंदाची. गेली असेल. मला नाकाखाली फार गार लागतंय.