दोन म्हणालो आणि फसलो

तीर्थरूप ताईस,

पलंगावर बसून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (पाया पडायला स्वतः आलो असतो, पण सध्या माझाच एक पाय दुसऱ्यांच्या ताब्यात आहे.) तुझी तब्येत कशी आहे ते विचारत नाही, कारण तू "ठीक" म्हणणार. सूनबाईकडून खरी बातमी कळतेच. जिना चढवत नाही म्हणून तू खालूनच वरच्या मजल्यावरच्या शेजारणींशी ओरडून गप्पा मारतेस म्हणे.

ताई, माझा उजवा गुडघा बदलला! कोराकरकरीत नवा बसवला, आणि मी ठणठणीत आहे! गेल्या वर्षी तुझ्या गुडघ्याच्या ऐन ऑपरेशनच्या दिवशी तू हॉस्पिटलच्या झग्यावर शाल पांघरून मागच्या दाराने घरी निघून आलीस, "नंतरचं दुखणं मला सोसवणार नाही" म्हणालीस, आणि तेव्हापासून दोन खोल्यांत अडकून पडली आहेस. तर ते नंतरचं दुखणं मी जातीने बघून आलोय, आणि तुझं मन वळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. शेवटपर्यंत वाच. मध्येच चष्मा काढून ठेवू नकोस.

ऑपरेशनाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाठीत सुई टोचली, कंबरेखालचा मी परका झालो, आणि पडद्यापलीकडे सुतारकाम सुरू झालं. (आवाजावरून सांगतो, करवत उत्तम होती. आपल्या दुकानातल्या सुताराला दाखवायला हवी.) खरा घोळ झाला तो दुपारी चहाच्या वेळेला, पाय हळूहळू पुन्हा माझा व्हायला लागला तेव्हा. एक हसतमुख नर्सबाई आल्या, पेन सरसावलं आणि म्हणाल्या, "काका, दुखणं दहापैकी किती?"

आता तू मला ओळखतेस. माझा जन्म गेला जुन्या फर्निचरच्या दुकानात. कोणी आकडा विचारला की माझं डोकं आपोआप गल्ल्यावर जाऊन बसतं, आणि आमच्या धंद्यात पहिला आकडा आपण बोलायचा नसतो. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, वाजवी काय ते. बाई म्हणाल्या, दुखतंय तुम्हाला, मी कसं सांगू? इथेच मी भानावर यायला हवं होतं. पण मी विचार केला, इंजेक्शन यांच्याकडे, हवंय मला, म्हणजे गरजू मी. आणि गरजूने गरज दाखवली की तो बुडाला. म्हणून मी पंख्याकडे बघत (एखादं कपाट मनात भरलं की मी त्याच्या शेजारच्या मोडक्या स्टुलाची चौकशी करतो, तसं) बेफिकीरपणे म्हटलं, "दोन." खरं दुखणं आठ होतं, ताई! माझा हिशेब असा, की बाई म्हणतील, दोन कसं काका, निदान सात तरी धरा; मी पाच म्हणेन; आणि शेवटी सहावर जमेल. बाई "अरे वा, छान!" म्हणाल्या, दोन लिहून घेतलं, एक साधी गोळी हातावर ठेवली आणि चालत्या झाल्या. पहिल्याच आकड्याला कोणी असं हो म्हणतं का? मी आ वासून दाराकडे बघत राहिलो.

शेजारच्या खाटेवर हर्नियाचे एक ट्रकवाले होते. त्यांनी बेधडक "अकरा" सांगितलं, इंजेक्शन मिळवलं आणि घोरायलाही लागले. इकडे माझा गुडघा असा ठणकत होता की वाटलं, आतमध्ये कोणी अजून खिळे ठोकतंय. त्यातच मोठे डॉक्टर आले, मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. कागद बघून म्हणाले, बघा, पहिल्याच दिवशी फक्त दोन, याला म्हणतात पेशंट! सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. आता कौतुक चाललेलं असताना बोंब कशी मारायची? मी दात आवळून हसलो. नर्सबाई पुन्हा विचारायला आल्या तेव्हा मी मोठ्या मनाने "तीन"वर गेलो. एकदम आठवर उडी मारली असती तर आधीचा भाव खोटा ठरला असता, आणि दुकानाची काही अब्रू असते.

तेवढ्यात तुझी भावजय आली. तिने माझा चेहरा पाहिला (सौदा हातचा गेला की मी कसा दिसतो हे तिला पाठ आहे) आणि तडक नर्सबाईंना गाठून म्हणाली, "अहो, हे घासाघीस करतायत. यांनी दोन म्हटलं की आठ समजायचं." बाई आधी पोट धरून हसल्या. मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या आणि समजावून सांगितलं, की इथे आकडा पाडून काही पदरात पडत नाही. दुखणं वाढायच्या आधी सांगितलं तर थोडक्यात आवरतं, अंगावर काढलं तर आवरता आवरत नाही. आणि दुखतंय म्हणून चाललं नाही, तर नवा गुडघाही आखडून बसतो. मी मान खाली घालून "आठ" म्हटलं. खुर्चीचा पाय चिरलाय हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगावं, तशी लाज वाटली. आणि मग ते इंजेक्शन! काय सांगू तुला! ठणका एकेक पायरी उतरत, कुरकुरत का होईना, निघून गेला. मी चक्क रडलो, आनंदाने!

त्यानंतर मी सुटलोच! बाई नुसत्या दारातून डोकावल्या तरी मी आतून ओरडायचो, "आत्ता चार!" "व्यायामानंतर सहा!" दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून वॉर्डभर फिरलो आणि प्रत्येक नव्या पेशंटला खरा आकडा सांगण्याचं महत्त्व पटवलं. (मला येताना बघून ट्रकवाले पांघरुणात शिरायचे.) दुखलंच नाही असं नाही. तुला खोटं सांगणार नाही, गुडघा वाकवताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पण सोसवतं, ताई, खरंच सोसवतं! घरी निघताना एक मुलगी कागद घेऊन आली, दुखण्यावरच्या उपचाराबद्दल समाधानी आहात का? मी "अत्यंत"वर अशी खूण केली की कागद फाटला. ती गोंधळली, पहिल्या दुपारी आठ होतं, तरीही? मी म्हटलं, तरीही, कारण मी थापा मारत होतो तेव्हासुद्धा त्या बाई पुन्हा पुन्हा येऊन विचारत होत्या. हे लिहायला तिच्या कागदावर चौकोन नव्हता.

तेव्हा आता हट्ट सोड. डॉक्टरांशी तुझ्याबद्दल बोलून ठेवलंय. बाई त्याच असतील. घाबरण्यासारखं काहीही नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. "दोन" आणि "तीन"च्या मधल्या वेळात मी उशीत तोंड खुपसून कण्हत होतो, आणि तेही "आई गं" नव्हे, "ताई गं" म्हणून, हे लिहायचं राहिलं असं तिचं म्हणणं.

आणखी एक. डावा गुडघाही गेलाय. डॉक्टर पुढच्या महिन्यात करू म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. एवढं सगळं लिहिलं तरी मला भीती वाटते गं. शाळेत लस टोचायला यायचे तेव्हा तू बाही वर करून रांगेत पुढे उभी राहायचीस आणि मी तुझ्या फ्रॉकची गाठ धरून मागे. तू मोठी आहेस. आधी तू करून घे. मी मागे आहेच.