‘मॅट्रिक’च्या पुढे

दि. ११ नोव्हेंबर

चि. पिटुकलीस आशीर्वाद.

सत्तरीत पिटुकली म्हणवून घेणे तुला आवडणार नाही. पाकिटावर सासरचे नाव घातले आहे. आत तरी जुने चालू दे.

प्रकृती ठीक. नवी कवळी टोचते. गॅलरीचे दार फुगले आहे, सुतार उद्या-उद्या करतो. जेवायला बसताना रेडिओ मोठा लावते, म्हणजे शेजाऱ्यांना वाटते घरात माणसे आहेत.

वरच्या मजल्यावर एक शिक्षिका राहायला आली आहे. शाळेच्या फळ्यावर रोज एक जुना शब्द अर्थासह लिहिते. काल विचारत होती, “आजी, मॅट्रिक म्हणजे नक्की काय हो?”

“शाळेची शेवटची परीक्षा. आमच्या वेळी अकरावीला असायची.”

“आणि नापास झालेले?”

“तेही मॅट्रिकच सांगायचे. ‘मॅट्रिकपर्यंत’ मधला ‘पर्यंत’ गिळायचा.”

“आणि ते चालायचं?”

“सर्रास चालायचं,” मी म्हटले, आणि तुझा अर्ज आठवला.

तुझा नर्सिंगचा अर्ज मी भरला होता. तू शेजारी बसून म्हणालीस, “ताई, नुसतं मॅट्रिक लिही ना. गणितच तर राहिलंय, ऑक्टोबरला काढीन.” मी ‘मॅट्रिक’ लिहिले, आणि पुढे ‘नापास’. आठ दिवसांत अर्ज परत आला. तुझ्याबरोबर गणितात गेलेल्या दोघी नुसत्या ‘मॅट्रिक’वर लागल्या. ऑक्टोबरात तू आईच्या उशाशी होतीस, परीक्षेला नव्हतीस.

तू रुसलीसुद्धा नाहीस. उलट अजून सगळ्यांना सांगतेस, “आमची ताई म्हणजे हरिश्चंद्र!”

पिटुकले, त्याच आठवड्यात मी ऑफिसात रजेच्या अर्जावर ‘ताप’ असे धडधडीत खोटे लिहिले होते. मला खऱ्याची चाड नव्हती. तू वसतिगृहात गेली असतीस, आणि संध्याकाळी घरी आल्यावर अंथरुणातली आई आणि मी, एवढेच उरलो असतो. ते मला नको होते. म्हणून लिहिले.

दहा वर्षांनी आई गेली. तोवर नर्सिंगचे तुझे वय उलटले होते. मग तू लग्न करून गेलीस, आणि ज्याची भीती होती ते झालेच.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू दोन ओळींत देऊन मोकळी होशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तसे करू नकोस. चिड, भांड, पानेच्या पाने लिही. किंवा लिहूच नकोस. तेही मला समजेल.

तुला अडवून ठेवणारी,
ताई