परत म्हणा, बाबा

४ फेब्रुवारी, बुधवार
तांब्याच्या घंगाळाचं मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके उठवणं, अर्ध्यावर. कुठल्याशा रिसॉर्टची ऑर्डर. घंगाळात आता कोणी अंघोळीचं पाणी काढत नाही, गुलाबाच्या पाकळ्या तरंगवतात म्हणे. तरंगवोत बापडे.

अश्विनी सकाळी रात्रपाळीहून आली. आमची सून, विमानतळाच्या टॉवरमध्ये. कोणतं विमान कधी उतरायचं, कोणतं थांबायचं, हे माइकवरून सांगायचं काम. चेहरा पार उतरलेला. चहा अर्धा टाकून वर झोपायला गेली. तिची खोली बरोबर माझ्या दुकानाच्या डोक्यावर, म्हणून हातोडी खाली ठेवली. तिची एक सोबतीण बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हापासून हिच्या रात्रपाळ्या वाढल्यात. आणि तेव्हापासून ती झोपली की ठोकाठोक बंद, हा माझा नियम. उरलेलं काम संध्याकाळी. सौ. म्हणाली, "तुम्ही आणि शांत? लिहून ठेवा कुठेतरी." ठेवलं.

६ फेब्रु., शुक्र.
सौ.ने आज मंडईत कहर केला. गवारवाल्याला म्हणाली, "अर्धा किलो, कोवळी. परत म्हणा." तो बघतच राहिला. मग म्हणाला, "अर्धा किलो, कोवळी." ही म्हणाली, "बरोबर." आणि कोवळी निघाली.

अश्विनीने आणलेलं खूळ. टॉवरमधून वैमानिकाला काही सांगितलं की त्याने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. हिने कान देऊन ऐकायचं आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे सुधारायचं. लग्न होऊन आली तेव्हा घरातही सुरू केलं. सौ. पहिल्यांदा चिडली होती, "मी काय बालवाडीत आहे?" आता तीच मंडईत शिकवण्या घेते.

माझा खेळ वेगळा. मी मुद्दाम चुकीचं परत म्हणतो. "बाबा, येताना दही आणा." "येताना वही आणतो." लगेच वरून आवाज, "दही. परत म्हणा." एकदाही फसली नाही. कुलूप-किल्ली, चहा-चटई, सगळं करून पाहिलं. ती जिन्यात असो की न्हाणीत, कान जागे. ती मला पकडते तेव्हा मला फार बरं वाटतं. का, ते कोणाला सांगत बसत नाही.

९ फेब्रु., सोम.
नितीन हडपसरला कंपनीत गेला. जाताना म्हणाला, "बाबा, ती माझं ऐकत नाही, तुम्ही बोला." चिरंजीवांना बायकोशी बोलायला बाप लागतो.

बोललो. अजून एक जादा रात्र घेतली आहेस, झेपेल का? म्हणाली, "नियमात बसतं." मग नियम सांगितले. ठराविक वेळ माइकवर बसलं की उठायचंच, दुसरा बसतो. लागोपाठ रात्री किती, त्याला मर्यादा. दोन पाळ्यांमध्ये विश्रांती किती, तेही ठरलेलं. आणि फार थकवा असेल तर तसं आपण होऊन सांगायचं, त्याला शिक्षा नाही.

नियम चांगले आहेत, खोट काढायला जागा नाही. विचारलं, "मग सांगतं का कोणी?"

हसली. "मी सांगितलं की घरी झोपलेल्या दुसऱ्या कुणालातरी उठवून बोलावतात, बाबा. त्याचीही मुलं लहान असतात."

म्हणजे नियम आहे, पण लाज आडवी येते.

११ फेब्रु., बुध.
सकाळी आली. चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, आईंची बीपीची गोळी नाश्त्यानंतर."

मी म्हणालो, "नाश्त्याआधी."

"बरोबर," म्हणाली आणि जिना चढून गेली.

जिन्यापाशी उभा राहिलो. आत्ता वळेल, आत्ता म्हणेल. दार लोटल्याचा आवाज आला. मग काही नाही.

सौ.ला गोळी नाश्त्यानंतरच दिली. पण आज रात्री परत ड्यूटी आहे तिची. ती 'बरोबर' म्हणाली की विमान हलतं. मी आपला गंमत करणारा म्हातारा, पण

नाही लिहवत. उठली की सांगणार. राग आला तर येऊ दे.

तोच दिवस, संध्या.
सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, "नक्की काय म्हणालात? शब्द सांगा." शब्द सांगितले. "आणि मी बरोबर म्हटलं?" म्हटलं, "म्हणालीस." ती जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, "तिथे कोणी गंमत म्हणून चुकत नाही, बाबा."

मग स्वतःच साहेबांना फोन लावला. मला एकच बाजू ऐकू आली. "नाही सर, ताप वगैरे नाही. थकवा आहे, मी आज बसू नये असं वाटतं... हो सर, नियमात बसतं. विश्रांती झाली, झोप झाली नाही."

फोन ठेवून रडली. आज कोणाला बोलावतील, त्याचं घर डोळ्यांपुढे येत होतं तिच्या. सौ.ने वरणभात कालवून पुढ्यात ठेवला आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. सौ.च्या बाबतीत हे नमूद करण्यासारखं आहे.

१२ फेब्रु., गुरु.
साहेबांनी समोर बसवून विचारलं म्हणे. बोलले नीट. विश्रांतीचे तास पूर्ण मिळतात, मग झोप का नाही? घरी काही त्रास आहे का? ही म्हणाली, नाही.

दुपारी सौ.ने तिला डोक्याला तेल लावायला बसवलं. सौ.चं तेल म्हणजे पोलिसी चौकशीच. मी दुकानात, कान वर. अश्विनी म्हणाली, "झोप येऊनच नाही राहिली, आई." फार दमली की तिची माहेरची अमरावती बाहेर येते.

"का गं?"

मग हळूच, "बाबा ठोकत नाहीत म्हणून."

सौ. हसली. अश्विनी नाही हसली. म्हणाली, "या घरात आले तेव्हापासून त्या ठोक्यांवर झोपते मी. आता सगळं गप्प होतं. आणि हेडफोनमध्ये गप्प झालं ना, की समजायचं, कोणीतरी उत्तर देत नाहीये. मग डोळा लागला तरी दचकून जाग येते. पण बाबा एवढं काम अडवून बसतात माझ्यासाठी, त्यांना कसं सांगू?"

ऐरणीपाशी तसाच बसून राहिलो. इतके दिवस हात आवरून मी तिला जागं ठेवत होतो, आणि वर फुशारकी मारत होतो. शरम वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आयुष्यभर गल्लीतल्या लोकांनी या आवाजाला नावं ठेवली. पहिल्यांदाच कोणीतरी तो मागितला.

१३ फेब्रु., शुक्र.
ती वर गेली. मी हातोडी उचलली. घाई नाही, ठोक्याशेजारी ठोका, एकसारखा. जिन्यावरून सौ. खूण करून गेली, झोपली म्हणून. पार दिवेलागणीला उठली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. म्हणाली, "बाबा, मध्ये चहाला थांबला होतात."

थांबलो होतो.

१५ फेब्रु., रवि.
सौ.: "अहो, ते घंगाळ झालं ना?"
"झालं."
"मग कशाला ठोकताय?"
"सून झोपलीय."
सौ.ने माळ्यावरचा जुना हंडा काढून पुढ्यात ठेवला. म्हणाली, "हा घ्या. पोचे आलेत."

अश्विनीवर माझा जीव आहे. तिला कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. इथे लिहितो.

१८ फेब्रु., बुध.
नवं वेळापत्रक अजून लागलेलं नाही. सोबतीण रजेवरच आहे, माणसं तेवढीच. साहेब म्हणालेत, बघू. आज सकाळी आली तर पुन्हा तोच उतरलेला चेहरा. म्हणाली, आज कोणीतरी आजारी आहे, जादा पाळीसाठी फोन येईल बहुतेक.

फोन दुकानातल्या फळीवर ठेवला आणि जिना चढताना वळली. "बाबा, टॉवरचा फोन आला तर मला उठवा."

"टॉवरचा फोन आला तर तुला उठवणार नाही."

पायरीवर थांबली. कठड्यावर हात. माझ्याकडे बघितलं, की माझ्या मागच्या भिंतीकडे, सांगता येत नाही.

"बरोबर," म्हणाली, आणि वर गेली.

नीट ऐकून म्हणाली, की न ऐकताच? मघापासून हंड्यावर हात चालत होता आणि डोक्यात तेवढंच. ऐकून म्हणाली असेल तर ती मला काहीतरी सोपवून गेली. न ऐकता म्हणाली असेल तर आज तिने तिथे बसताच कामा नये. दोन्हीकडून एकच निघतं, उठवायचं नाही, असं मला वाटतं. पण मग दुसऱ्या कोणाला तरी उठवतीलच, तेही खरं.

फळीवर तिचा फोन वाजला. थांबला. आता परत वाजतोय. सौ. दारात उभी राहून माझ्याकडे बघतेय.

हे लिहायला हातोडी ठेवली, तर वर पलंग करकरला. लिहिणं पुरे, हात चालू ठेवायला हवा.