मनावरच्या मंडळींना आधी सांग

१० नोव्हेंबर १९९९
क्योतोजवळ, जपान

सौ. अल्पनावहिनीस,
कोमलचा नमस्कार.

तुम्ही सगळे मजेत असाल. दिवाळी झाली असेल. भाऊबीज काल होती की आज, इथे पंचांग कुणाकडे असणार! दादाला सांग, इथूनच ओवाळलं म्हणून. तात्यांची नाइट शिफ्ट संपली का? आईचे गुडघे?

अक्षराकडे बघू नकोस. माझं मराठी आधीच हिंदी मीडियमचं, आणि हे मी घाईत, मांडीवर पॅड ठेवून लिहितेय. पत्र पियूषच्या हाती देतेय. तो आमच्याच कॉलेजचा, आपल्या देवासचाच आहे. रविवारी घरी येईल. त्याला पोहे खाऊ घाल, वर भरपूर शेव टाक, दोन महिने बेचारा शेवेसाठी तरसलाय. आमचा सगळा ग्रुप शुक्रवारी निघतोय. मी त्यानंतरच्या शुक्रवारी निघेन. थोडं काम बाकी आहे.

हे गाव सगळं कुंभारांचं आहे. घराघरावर धुराडं. आम्हाला शिकवणारे मोरिता-सेन्सेई, म्हणजे मोरिता गुरुजी, साठीच्या पुढचे असतील. पहिला आठवडा त्यांनी आम्हाला मातीला हातच लावू दिला नाही, नुसतं अंगण झाडायला लावलं. पियूष आपल्या माळवी थाटात म्हणाला, भिया, झाडूच मारायची होती तर देवास काय वाईट होतं! पण नंतर चाकावर बसले तेव्हा समजलं. हात आपोआप हळू झाले होते. त्यांच्या बायकोला आम्ही ओकुसान म्हणतो. त्या सकाळी माशाचं सूप देतात. मी डोळे मिटून भात खाते आणि सूप पियूषकडे सरकवते. आईला सांगू नकोस.

मन लागत नाही वहिनी. बसते, उठते, खिडकीपाशी जाते. खाली एक लाल झालेलं झाड आहे, तेच परत परत बघते. परत येऊन लिहायला बसते, दोन ओळी झाल्या की पुन्हा उठते. नर्स दोनदा येऊन पडदा ओढून गेली.

घे, लिहूनच गेले. आता खोडत नाही.

मी हॉस्पिटलमध्ये आहे. उजवा हात भाजलाय. हे पत्र घाईत नाही, डाव्या हाताने, कालपासून लिहितेय. दिवाळीला फोनवर मी हसून बोलले ना, तेव्हा फोन ओकुसानने माझ्या कानाशी धरला होता.

ऑक्टोबरच्या शेवटी मोठी भट्टी पेटवली. डोंगराच्या उतारावर लांबच लांब बांधलेली असते, रात्रंदिवस लाकडं घालावी लागतात. चामड्याचे हातमोजे मला मोठे होत होते. गुरुजी म्हणाले होते, हेच घाल. मी नाही ऐकलं. थंडीसाठी घरून आणलेले माझे नायलॉनचे घातले. लाकूड टाकायला झाकण सरकवलं आणि ज्वाळा एकदम बाहेर आली. मोजे वितळून कातडीला चिकटले. चूक बिलकुल माझी.

मांडीची कातडी काढून हातावर लावलीय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकत नाही. डॉक्टर म्हणतात, व्यायामाने कदाचित वाकेल. ते ‘कदाचित’ इतकं हळू म्हणतात की मला पुन्हा विचारावं लागलं.

गुरुजी रोज येतात. खुर्चीवर बसतात, मान खाली घालतात आणि माझीच माफी मागतात! मला ओरडावंसं वाटतं, अहो, रागवा ना माझ्यावर! सांगितलं होतं ना, असं तरी म्हणा! आपल्याकडे तात्यांनी कॉलनी डोक्यावर घेतली असती. आईने रडत रडत मला बोल लावले असते. इथे सगळे इतके शांत की माझा जीव घुसमटतो.

परवा मी हट्टाने एकटीच केस धुवायला गेले आणि पट्टी भिजवली. ओकुसानने बघितलं आणि अशा कडाडल्या! ‘बाका!’ म्हणजे मूर्ख. पूर्ण वॉर्ड बघायला लागला. मग मला स्टुलावर बसवून त्यांनीच केस धुतले, सारखी बडबड करत. अर्धं मला समजलं नाही. पण मी जी रडले वहिनी! भाजलं तेव्हाही नव्हते रडले.

आता खरं काम. तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा ठरलाय. घरात काय होईल ते मला माहीत आहे. आई म्हणेल, लांब बाह्यांचा ब्लाउज शिवू, आधी होऊन जाऊ दे. दादा म्हणेल, हळूहळू सांगू. मी हात लपवून पाटावर बसणार नाही. अंशुलला मी दोनदाच भेटलेय. चांगला वाटला, छान हसतो. म्हणूनच म्हणते, मी पोचायच्या आत मनावरच्या मंडळींना, त्याच्या घरच्यांना, सांग. दादाला सांगायला लाव, पण आधी सांग.

आणि घरी तू सांग. न रडता सांगू शकेल अशी तूच एकटी आहेस. मुंबईहून मी अवंतिका एक्स्प्रेसने येईन. स्टेशनवर तू एकटी ये. आईला एकदम हात दाखवायची हिंमत नाही माझ्यात.

फॅक्सचा नंबर पियूषजवळ आहे. चांगलं-वाईट जे होईल ते सगळं लिही, काही गाळू नकोस.

तुझ्या भरवशावर,
कोमल


१७ नोव्हेंबर १९९९
देवास

चि. कोमलवन्सं यांस,
अनेक आशीर्वाद.

चौकातल्या एस.टी.डी.वाल्याकडून हा फॅक्स करते आहे. तो म्हणतो, भाभी, मोठं लिहा, नाहीतर तिकडे नुसतं काळं उमटेल.

पियूष रविवारी आला. पोहे पुढे ठेवले तर मान वर करीना. तुमचं पत्र वाचलं, पदरात गुंडाळलं आणि तशीच सैंपाकाला लागले. संध्याकाळी तात्या आले तेव्हा सगळ्यांपुढे मोठ्याने वाचून दाखवलं. रडले नाही.

आई म्हणाल्या, ‘‘लांब बाह्या शिवून घेऊ.’’ तुम्ही लिहिलं होतं तेच. तात्या चपला घालून बाहेर निघून गेले.

सकाळी रजा टाकून ते स्वतः मनावरला निघाले, ह्यांना बरोबर घेऊन. तिथे सगळं सांगितलं. अंशुलच्या आई म्हणाल्या, ‘‘लपवलं नाहीत, बरं केलंत. साखरपुडा थोडा पुढे ढकलू. मुलगी आली की हात बघू, मग ठरवू.’’

तात्या उठलेच. ‘‘माझी पोर काय हाटातला बैल आहे, बघून ठरवायला?’’ ह्यांनी बाही ओढली, पण ते थांबले नाहीत. सोयरीक मोडून आले.

अंशुल बसस्टँडपर्यंत मागोमाग आला होता. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. गाळू नकोस म्हणालात, म्हणून हेही लिहिलं.

येताना तात्या एकटेच धारला माझ्या माहेरी उतरले. तिथे माझ्या बापूंजवळ बसून रडले. ‘‘जाऊ नको म्हणालो, तरी गेली, म्हणून निघताना मी तिच्याशी बोललोसुद्धा नाही,’’ म्हणाले. हे मला बापूंनी फोनवर सांगितलं. तात्यांना कळू देऊ नका.

स्टेशनवर मी एकटी येणार नाही. सगळे येणार आहेत, माझं कुणी ऐकलं नाही. इंदूरला हाताच्या डॉक्टरांची वेळ ह्यांनी घेऊन ठेवली आहे.

आणखी एक. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तुम्हाला वन्सं म्हणते, अहो-जाहो करते. धारच्या आमच्या घरात तशीच रीत. पण रविवारी दिवसभर ते पत्र पदरात घेऊन फिरले, तेव्हा मनातल्या मनात तुझ्याशी इतकी भांडले, इतकी भांडले, आणि तेव्हा तोंडात एकदाही ‘तुम्ही’ आलं नाही. आता पुन्हा वन्सं म्हणायला जमेलसं वाटत नाही. आईंना आवडणार नाही. न आवडो.

ये. तुझी ती दोन बोटं मी रोज वाकवून घेणार आहे. दुखेल, तू ओरडशील, मला नको नको ते बोलशील. मी सोडणार नाही.

तुझी,
अल्पना