नववीने दिलेला गृहपाठ

तीर्थरूप आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

नोकरी टिकली, आई. हे आधी सांगतो, म्हणजे वहिनी पुढचं वाचेपर्यंत तुझा जीव टांगणीला नको.

सोमवारी नववीला इंग्रजीचा धडा शिकवताना एका मुलीने एका शब्दाचा अर्थ विचारला. मला येईना. थाप मारवेना. म्हटलं, "हा माझा गृहपाठ." दुसऱ्या दिवशी पोरांनी गिल्ला केला, "सर, वही दाखवा!" त्या मुलीने वही तपासून लाल पेनने शेरा मारला, 'उत्तर बरोबर. अक्षर सुधारा.'

नेमक्या तेव्हाच मुख्याध्यापिका दारात! नोकरीवर घेताना "महिनाभर बघू, मग ठरवू," म्हणाल्या होत्या त्याच. मनात देवाचं नाव घेतलं. त्यांनी शेरा वाचला, हसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून दहावीही तुम्हीच घ्या."

आता पोरं रोज अवघड शब्द हुडकून आणतात. पन्नाशीला टेकलो तरी अभ्यासातून सुटका नाही.

खोकला कमी आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझ्या डोळ्यांत औषध कोण घालतं? दादा चिडचिड करतो का अजून?

आज संध्याकाळी देवापुढे बसलो, तर मागायला काही सुचेना. नुसताच बसून राहिलो.

तुझा धाकटा