जॅकमाशाची शेपूट धरून

प्रिय फिलोमेन मावशीस, मोइझचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? काकांनी जाळी दुरुस्त करून घेतली, की अजून ‘उद्या’च चालू आहे? पिवळ्या कुत्रीला पिल्लं झाली असतील, तर एक माझ्यासाठी ठेव. मी इथे मासेमारीच्या कॅम्पवर खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे परवापासून मला झोप नाही आणि जेवण जात नाही. (हे वाचून तू चष्मा काढून काकांना हाक मारशील, म्हणून आधीच सांगतो, ताप नाही. आणि जेवण अगदीच जात नाही असंही नाही.)

आमचा धंदा तुला कधी पटला नाही. जो जॅकमासा तू आयुष्यभर कुत्र्यांना घातलास, त्यालाच पाईक म्हणत ही माणसं विमानानं येतात, त्याला दमवतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि परत सोडतात. ‘पोटाला नको होता, तर पाण्याशी गेलात कशाला? अन्नाशी खेळू नये,’ हे तू मला इतक्यांदा ऐकवलं आहेस, की पाहुण्यानं गळ टाकला की माझ्या कानात तुझा आवाज सुरू होतो. पण आमचा मालक वॉली, त्याचा कायदा तुझ्या बरोबर उलटा. मोठा मासा जिवंत परत गेलाच पाहिजे, कारण तोच वाढून पुढच्या पाहुण्यांना बोलावतो. पाहुण्यांना मासे दाखवणाऱ्या आम्हा वाटाड्यांपैकी ज्याच्या नावेत मोठा मासा मेला, त्यानं पुढच्या विमानानं घरी जायचं. गेल्या उन्हाळ्यात अल्फोन्स असाच गेला आणि आता गावच्या दुकानात पिठाच्या गोण्या उचलतो. माझी पाठ तुला ठाऊकच आहे.

तर या आठवड्यात माझ्या वाट्याला हाल्वर्सन नावाचे पाहुणे आले. डुलुथ शहरातले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्त. माणूस देवभोळा आणि गरीब स्वभावाचा, पण गळ हातात आला की त्याच्या आसपास कुणी राहू नये. त्यांच्या गळाचा लोखंडी चमचा (म्हणजे माशाला भुलवायचं चकाकतं आमिष) पहिल्या दिवशी झुडपात अडकला, दुसऱ्या दिवशी इंजिनात आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टोपीत. (टोपी डोक्यावर होती.) लहानपणापासून या माणसाला एकच मोठा पाईक धरायचा होता, आणि ती इच्छा पुरी होणार नाही अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. खोटं कशाला बोलू, त्या खात्रीवर मी निवांत झोपत होतो.

परवा बर्फ नुकतं वितळलेल्या एका उथळ खाडीत त्यांनी चमचा टाकला आणि पाण्याखाली ओंडका वाटत होता, तो हलला. मावशी, इतका मोठा जॅक मी पाहिलेला नाही. तोंड असं, की तुझी बॅनकची रोटी भाजायची कढई आत सरकावी. हाल्वर्सनसाहेब ओरडत होते, मी ओरडत होतो, मासा तेवढा शांत होता, आणि तिथंच मला शंका यायला हवी होती. फारशी झटापट न करता तो नावेशी आला. मापलं, फोटो काढला, पाण्यात सोडला. त्यानं पोट वर केलं.

मग मी पाण्यात उतरलो. कमरेपर्यंत बर्फाचं पाणी, हातात माशाची शेपूट, आणि त्याला सरळ धरून हळूहळू हलवत राहायचं, म्हणजे कल्ल्यांत पाणी जाऊन त्याला हुशारी येते. कधी कधी येते. दोन्ही हात गुंतलेले पाहून चावऱ्या काळ्या माश्यांनी माझ्या चेहऱ्यावर जेवणाची पंगत मांडली. हाल्वर्सनसाहेब नावेतून वाकून टोपीनं वारा घालत होते आणि मधूनमधून माझ्या तोंडात डोनटचा तुकडा भरवत होते. मी माशाशी आपल्या भाषेत बोलत होतो. त्यांनी विचारलं, काय बोलतोस? मी म्हटलं, माफी मागतोय, माझी मावशी असती तर तिनंही मागितली असती. मग टोपी छातीशी धरून त्यांनीही त्याची माफी मागितली, स्वतःतर्फे आणि सगळ्या डुलुथतर्फे. मावशी, मला फार भीती वाटत होती. नोकरीची वाटत होतीच, पण हा मासा मेला आणि पाण्यानं ते मनात ठेवलं तर काय, याची जास्त वाटत होती.

शेवटी मासा मेला. हाल्वर्सनसाहेब हळूच म्हणाले, बुडू दे त्याला, कोण बघतंय. पण माझे हात सुटेनात. हाताशी आलेलं अन्न टाकू नये, हे तूच शिकवलंस. मी त्यांना म्हटलं, “साहेब, आता तो खावा लागेल.”

“आपण दोघांनी? एवढा?”

“तुम्ही धरलात, तुम्ही सुरुवात करा.”

बेटाच्या आडोशाला जाऊन चूल पेटवली, थोडी तंबाखू पाण्याला वाहिली आणि डुकराच्या चरबीत तुकडे तळले. म्हातारा जॅक किती चिवट असतो हे तुझ्या कुत्र्यांना विचार. साहेबांच्या घशात काटा अडकला, तो कोरडी बॅनक गिळून खाली ढकलला, तरी त्यांनी ताटली माझ्यापुढे केली आणि अजून वाढ म्हणाले. लांबून दुसऱ्या नावेच्या इंजिनाचा आवाज आला की आम्ही दोघं ताटल्यांसकट झुडपात लपत होतो.

संध्याकाळी वॉलीनं फोटो पाहिला आणि तो खुर्चीतून उठलाच. परत कसा गेला, म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत हाल्वर्सनसाहेबांनी सुरू केलं. शेपटीच्या फटक्यानं त्यांना कसं भिजवलं, गळ्यापर्यंत पाणी कसं उडालं, जाताना माशानं वळून कसं पाहिलं. मी टेबलाखालून पाय मारत होतो, पण जन्मभर खरं बोललेल्या माणसाला एकदा खोट्याची गोडी लागली की तो ऐकत नाही. त्यांना माझी नोकरी वाचवायची होती, दुसरं काही नाही.

थोरांना नमस्कार, पोरांना पापा. गुडघ्याला अस्वलाची चरबी चोळत जा.

तुझा,
मोइझ

ता. क. पत्राबरोबर वैमानिक रेने पिठाची एक पिशवी देईल. त्यात उरलेला मासा आहे. रेनेला मी घरी खायचा साधा पांढरा मासा म्हणून सांगितलं आहे, तेव्हा त्याच्यासमोर उघडू नकोस. काही टाकलं नाही, एवढं तू बघावंस म्हणून पाठवलाय.

ता. क. सांगायचं राहिलं. मासा कापला तेव्हा त्याच्या घशात दुसरा जॅक सापडला, हातभर लांबीचा, धड गिळलेला नाही नि धड ओकलेला नाही. म्हणजे आमचे महाराज आधीच गुदमरत होते आणि तशातही त्यांना आमचा चमचा हवा होता. मी अर्धा दिवस कुणाची माफी मागत होतो, देव जाणे. पण हाल्वर्सनसाहेबांना हे सांगू शकलो नाही. माफी मागितल्यापासून ते फार समाधानात आहेत.

ता. क. आता मुख्य गोष्ट. वॉलीनं त्या माशाचं नाव ‘महाराणी’ ठेवलंय आणि रेडिओवरून पुढच्या आठवड्याच्या पाहुण्यांना कळवलंय, की आमचा मोइझ तुम्हाला तिच्या दाराशी नेईल. ती कुठे आहे, हे तुला पिशवी उघडल्यावर दिसेलच. तेव्हा मावशी, कुत्र्यांसाठी तू जिथे जाळं टाकायचीस आणि ‘इथले एवढे मोठे की जाळं फाडतात’ म्हणायचीस, ती खाडी कुठली? मला ठाऊक आहे, तू सांगणार नाहीस. तिथल्या माशांशी कुणी खेळलेलं तुला चालणार नाही, आणि तुझंच बरोबर आहे. मी आग्रह करत नाही. नोकरी गेली तर गेली, मी घरी येईन. माझ्या खोलीचं छप्पर गळतं, म्हणून हिवाळाभर तुझ्याकडेच राहीन, तुझ्याच चुलीशी बसेन आणि तिन्ही वेळा तुझ्याच हातचं जेवेन. शांतपणे विचार कर आणि रेनेच्या हाती उत्तर पाठव. तो दारात उभा असेल.